आप्पांची माशी

पुलावर थांबलं की माणसं पाण्याकडे बघतात. आप्पा आधी माणसांकडे बघत. कोण कुठे उभा आहे, कुणी मोटारसायकल कुठे लावली आहे, कुणाचा गळ कुठे पडतो आहे, हे कपाळावर आडवा हात धरून निवांत न्याहाळायचे. मग पाटीवरचं पुसावं तसा तो सगळा भाग हवेतल्या हवेत हाताने पुसून टाकायचे आणि माझ्याकडे वळायचे.

“हे तर समद्यालाच दिसून राहिलंय, मेडिकल. हे सोडा. दुसरं बोला.”

मेडिकल म्हणजे मी. नांदेडच्या जुन्या बाजारात माझं औषधांचं दुकान आहे आणि त्याला लागून आप्पांचं कापडाचं. इतकी वर्षं मधे एकच भिंत, पण त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. मी मेडिकल, समोरचा भांडं, कोपऱ्यावरचा झेरॉक्स. कुणाला राग यायचा नाही, कारण आप्पा हाक मारायचे ती चहा सांगितल्यावरच.

असा माणूस तुमच्याही बाजारात असेल. पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या करंड्यातलं इष्टलिंग. नुसतं अंड्याचं नाव निघालं तरी पान थुंकून चूळ भरणारा. आणि हा माणूस मासे धरायचा. बाजाराला सुट्टी असली की पहाटे उठून, छडी घेऊन, मला माझ्याच स्कूटरवर मागे बसवून.

हे खूळ हिमाचलात लागलं. व्यापाऱ्यांची सहल गेली होती. बाकीचे शालींच्या दुकानात शिरले. आप्पांना शालींचं काय कौतुक, ते नदीवर गेले. रस्त्याच्या वळणावर, जिथे गाड्या थांबतात तिथे, हौशी लोक रांगेने गळ टाकून बसले होते आणि कुणालाच काही लागत नव्हतं. एक म्हातारा मात्र त्यांच्याकडे पाठ करून चहाच्या टपरीमागे गेला. तिथे भिंत आणि दगड यांच्या मधून पाण्याची एक बारीक धार वाहत होती. त्याने पिसांची केलेली खोटी माशी त्यात अलगद सोडली आणि ठिपक्याठिपक्यांचा एक ट्राउट मासा वर काढला. आप्पांना दाखवला. आणि परत पाण्यात सोडून दिला.

“सोडला!” आप्पा मला सांगताना उभेच राहिले. “धरला, बघितला अन् सोडला. मेडिकल, आपल्यासारख्या शाकाहारी माणसानं करावं असंच काम हाय हे.”

सहलीतून सगळे शाली घेऊन आले, आप्पा छडी आणि दोरीची चकरी घेऊन आले. त्यांच्या मंडळींनी, म्हणजे आमच्या काकूंनी, उंबऱ्यातच अडवलं.

“गळ्यात लिंग अन् हातात गळ! शोभतं का हे?”

“खाणार न्हाई ना मी.”

“मग त्यो गळ काय पूजेला लावायचाय?”

आप्पांनी छडी दुकानात नेऊन साड्यांच्या गठ्ठ्यामागे ठेवली.

खोट्या माश्या ते स्वतःच बनवू लागले. कापडाच्या दुकानात दोऱ्याला काय तोटा? शालूच्या जरीची एक तार, शिवणाचा काळा दोरा, खादीचा धागा. गिऱ्हाईक नसलं की गादीवर मांडी घालून, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणून, बारीक आकड्यावर गुंडाळत बसायचे. बनवलेली माशी सदऱ्यावर टोचून लांबून बघायची सवय. अडचण एकच, पिसं. कबुतराची पिसं पाण्यात भिजून लोळागोळा व्हायची. कोंबड्याच्या मानेची हवीत असं त्यांनी मोबाइलवर पाहिलं.

तेव्हा आप्पा एका दुपारी तोंडाला रुमाल बांधून चिकनच्या दुकानात गेले. दुकानदाराने कौतुकाने काळी पिशवी भरून दिली. रुमाल तोंडाला होता, पण विभूती कपाळावरच राहिली होती. समाजातल्या एका बाईंनी रिक्षातून पाहिलं आणि आप्पा घरी पोचायच्या आत बातमी पोचली.

काकू खाली दुकानातच येऊन थांबल्या होत्या. “पिशवी उघडा.”

“अगं, त्यात तसलं काही न्हाई.”

“उघडा म्हणते ना!”

आप्पांनी पिशवी उघडली आणि वरचा पंखा तर सुरूच होता. लाल, काळी, तांबूस पिसं दुकानभर उडाली. लग्नाच्या बस्त्यासाठी आलेलं बिलोलीचं एक कुटुंब समोर बसलेलं. नवरीच्या आजीच्या डोक्यावर एक पीस तुऱ्यासारखं उभं राहिलं. आप्पा शांतपणे म्हणाले, “नवा माल हाय. पॅकिंगमधलं हाय ते.” बस्ता तिथेच झाला, हे विशेष. काकू मात्र तीन-चार दिवस आप्पांशी माझ्यामार्फत बोलत होत्या.

पहिल्यांदा आम्ही गेलो विष्णुपुरीला. धरणाच्या खालच्या अंगाला सुट्टीच्या दिवशी ही गर्दी. कणकेच्या गोळ्या, गांडुळं, डबे, भजी. आप्पांनी छडी डोक्यावरून पुढे-मागे फिरवायला सुरुवात केली तसे सगळे आपापले गळ सोडून त्यांच्याकडे बघायला लागले.

“आप्पा, रील बनवून राहिले का?”

“न्हाई बाबा, माशी टाकून राहिलो.”

“दुकानात माशा मारता ते कमी पडलं का?”

सगळा काठ हसला. आप्पाही हसले. पण दुपारपर्यंत एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. माणसं गाडी जिथपर्यंत जाते तिथपर्यंतच जातात, आणि ज्याला त्याला आपला गळ लांब, मधोमध टाकायचा असतो. परत येताना वाटेत म्हणाले, “गिऱ्हाईकाचं बी असंच असतंय. समोर टांगलेलं बघतंय अन् जातंय. खरा माल खालच्या फळीत राहतो. नदीला बी खालची फळी असणार, मेडिकल.”

मग ती खालची फळी शोधणं सुरू झालं. आमचे दोन हिवाळे त्यात गेले. लोक ज्या पुलावरून नुसते जातात, ज्या ओढ्याला नावही नाही, जिथे उतरायला वाट नाही, तिथे तिथे आप्पा उतरत. बहुतेक ठिकाणी मासे नसतच. लोक तिथे थांबत नाहीत ते उगाच नव्हे. भोकरकडे एकदा बाभळीच्या आड त्यांना लखलखीत, स्थिर पाणी दिसलं. श्वास रोखून, गुडघ्यांवर रांगत ते काठाशी गेले, छडी मागे नेली. पुढे येईना. जोर लावला तर मागून म्हैस हंबरली. माशी तिच्या शेपटीच्या गोंड्यात अडकली होती. म्हैस निघाली, मागे दोरी, दोरीमागे आप्पा. शेवटी एका शेतकऱ्याने म्हैस धरली, गोंडा सोडवला आणि विचारलं, “काय करून राहिले इथं?”

“मासे बघून राहिलो.”

“ह्यात?” त्याने पाण्याकडे पाहिलं. “आप्पा, हे माझं शेततळं हाय. खाली प्लॅस्टिकची पन्नी हाय.”

त्याने आम्हाला ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा खाऊ घातला. आप्पांनी पुढे त्याच्या मुलीच्या लग्नात याच ओळखीवर मोठा आहेर केला. म्हणायचे, “म्हशीकडनं सोयरीक हाय.”

पण एकदा पाणी सापडलं. उमरीच्या वाटेवर एका ओढ्यावर पूल आहे. एस. टी. जाते, वऱ्हाडाच्या जीपा जातात, आम्हीही कितीदा गेलो होतो. पुलाखाली मंगल कार्यालयातल्या पत्रावळ्या, सुकलेले हार आणि वास. थांबायचा प्रश्नच नाही. आप्पांनी पुलावर स्कूटर उभी केली, नेहमीप्रमाणे माणसं शोधली. एकही माणूस नव्हता.

“इथं का नसतील कुणी?”

“वास येतोय म्हणून,” मी नाक दाबून म्हणालो.

“वास पुलाखाली हाय. पाणी तर पुढं चाललंय.”

नाकाला रुमाल लावून आम्ही पत्रावळ्या ओलांडल्या, वेड्या बाभळीत सदरे फाडून घेतले आणि ओढ्याच्या वळणापलीकडे गेलो. तिथे वास नव्हता. काळ्या दगडाची लांब फळी पाण्यात उतरली होती, तिच्या कडेने पाणी खोल आणि काचेसारखं, आणि त्यात चांदीच्या पट्ट्यांसारखे मासे वळत होते. आप्पांनी माशी टाकली. ती पाण्याला टेकते न टेकते तोच एकाने ती घेतली.

आप्पा ओरडले नाहीत. त्यांनी मासा जवळ आणला, ओंजळीत धरून उचलला, मला दाखवला, पाण्यात सोडला. मग दगडावर बसून विभूतीवरचा घाम पुसत म्हणाले, “वरनं आत्ता एस. टी. गेली बघा. उमरीची. भरून होती.”

त्या एस. टी.तल्या कुणालाही हे माहीत नाही, याचाच त्यांना माशापेक्षा जास्त आनंद झाला होता.

त्या जागी आम्ही खूपदा गेलो. एकदा दगडाखाली मरळीची पिल्लं दिसली. तांबड्या रंगाचा गोळाच्या गोळा पाण्यात वर-खाली होत होता आणि खाली आई राखण करत होती. मरळ म्हणजे केवढा मोठा मासा, आणि पिल्लांपाशी माशी टाकली तर ती हमखास अंगावर येते. मी छडी पुढे केली. आप्पांनी ती मिटवून ठेवली. “बाळंतिणीच्या खोलीत मी जात न्हाई,” म्हणाले. आम्ही दोघं दुपारपर्यंत दगडावर बसून नुसते शेंगदाणे खाऊन परत आलो.

मग त्यांच्या शिवानीचं लग्न निघालं. शिवानी लातूरला कॉलेजात शिकवायची. तिथल्याच एका मुलाशी तिचं जमलेलं, जात एकच, पत्रिका कुणी मागत नव्हतं. अडचण मुलाच्या वडिलांची. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांची आडत. माणूस शिस्तीचा, आणि बोलण्यात असा की गोष्ट त्यांना सांगितली म्हणजे अख्ख्या मोंढ्याला कळली. त्यांच्या कानावर कुणीतरी घातलं होतं की मुलीचा बाप मासे मारतो.

“आप्पा, तेवढ्या दिवशी तरी रॉड माळ्यावर टाका,” शिवानीने बजावलं. आप्पांनी छडी टाकली, चकरी टाकली, पिसं लपवली. जवळचा माणूस म्हणून मलाही बसवलं.

पाहुणे आले. “शरणु शरणार्थी” म्हणून नमस्कार झाले. पोहे झाले. उदगीरचे पाहुणे आप्पांच्या शेजारी दिवाणावर बसले आणि बोलू लागले, “आमच्या घरात आचार लई कडक. पोरगी चांगलीच हाय, तिच्याबद्दल काही न्हाई. पण आमच्याकडं मुंगीलासुद्धा कुणी हात...”

बोलता बोलता त्यांना आप्पांच्या खांद्यावर माशी बसलेली दिसली. आणि आपुलकीने त्यांनी ती फाडकन मारली.

“यप्पाऽऽ!”

माशी उडाली नाही. ती पाहुण्यांच्या तळहाताला लटकली होती. आदल्या दिवशी टोचून बघितलेली, जरीच्या पोटाची, कोंबड्याच्या पिसांची. पाहुणे हाताकडे बघत राहिले. स्वयंपाकघराच्या दारात शिवानीने कपाळाला हात लावला.

“ही... ही कसली माशी म्हणायची?”

मी उठलो, पण आप्पांनी आधीच त्यांचा हात हातात घेतला होता. आकड्याच्या टोकावरचा उलटा काटा ते नेहमी कानशीने घासून टाकत, माशाला इजा नको म्हणून. त्यामुळे आकडा लोण्यातून निघावा तसा निघाला. मी कापूस आणि औषध लावलं. आता आप्पांनी काहीतरी सावरून न्यायला हवं होतं. पण आप्पांच्या चेहऱ्यावर वेगळंच काही आलं. ते पाहुण्यांच्या जवळ सरकले आणि हलक्या आवाजात, अगदी मनापासून त्यांनी विचारलं,

“खरं सांगा पाव्हणं, दुखलं का लई?”

“म्हणजे?”

“म्हणजे मला लई दिवसांपासून कुणाला तरी विचारायचं होतं. मासा तर बोलत न्हाई.”

पडद्यामागून काकूंचा आवाज आला, “मोडली सोयरीक!”

मग आप्पांनी सगळं सांगितलं. हिमाचल, टपरीमागची धार, पिसं, धरणं आणि सोडणं. एक शब्द लपवला नाही. पाहुणे तळहात उलटसुलट करून बघत होते.

“दुखायचं म्हणाल तर मुंगी चावल्यावानी,” ते शेवटी म्हणाले. “पण घाबरलो लई. काय झालं तेच कळंना.”

आप्पांचा चेहरा उतरला. “हे मी हिशेबात धरलंच नव्हतं,” ते स्वतःशीच म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी मासा पाण्याबाहेर काढणं बंद केलं. पाण्यातच हात घालून आकडा सोडवायचे, दाखवायलाही वर उचलायचे नाहीत.

पाहुणे म्हणाले, “उद्या मला दाखवा. डोळ्यानं बघितल्याबिगर मी हो म्हणत न्हाई अन् न्हाई म्हणत न्हाई.”

संध्याकाळी आप्पा माझ्या दुकानात येऊन डोकेदुखीची गोळी मागू लागले. विष्णुपुरीला न्यावं तर गर्दीत मासा दिसणार नाही आणि पाहुण्यांना सगळं थापच वाटेल. उमरीच्या ओढ्यावर न्यावं तर मासा दिसेल, पण मग ओढा आपला राहणार नाही. पाहुण्यांचं तोंड कोण धरणार?

“काय करू, मेडिकल?”

मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाले, “लेकीपुढं ओढा काय हाय?” आणि गोळी न घेताच गेले.

सकाळी आम्ही तिघं पत्रावळ्या ओलांडून गेलो. पाहुण्यांनी एका हाताने नाक आणि दुसऱ्याने धोतर धरलं होतं. वळणापलीकडे आप्पांनी माशी टाकली, मासा धरला, पाण्यातल्या पाण्यात सोडला. पाहुणे वाकून बघत होते. “गेला?” “गेला.” “जिवंत?” “तुमच्यासमोर गेला की.” मग आप्पांनी न बोलता छडी त्यांच्या हातात दिली. पाहुण्यांनी ती लाठीसारखी आपटली. दोन-तीनदा पाणी खवळलं, एकदा माझी टोपी गेली, आणि मग दोरी ताणली.

“यप्पा! यप्पा! आप्पा, ओढून राहिलाय त्यो! आप्पा, धरा मला!”

आप्पांनी त्यांना धरायच्या आत पाहुणे दगडावरून घसरून कमरेपर्यंत पाण्यात बसले. छडी मात्र सोडली नाही. आप्पा शेजारी उतरले, दोघांनी मिळून आकडा सोडवला. मासा पाहुण्यांच्या ओल्या तळहातांमध्ये क्षणभर थांबला, शेपटी हलवली आणि खोल पाण्यात गेला. पाहुणे गेलेल्या माशाकडे बघत तसेच बसून राहिले. मग पाण्यात बसूनच म्हणाले, “सोयरीक पक्की.”

तिथपर्यंत ठीक होतं. पण पाहुण्यांचा मोबाइल सोबत होता, आणि तो मी धरला होता. छायाचित्रण झालं होतं. लग्नाच्या आधीच ते उदगीरच्या आडत्यांच्या ग्रुपवर गेलं, तिथून नांदेडला आलं. पुढच्या सुट्टीला आम्ही उमरीच्या पुलावर पोचलो तर दोन्ही बाजूंना गाड्या. पत्रावळ्यांतून चांगली वाट पडलेली. वळणापलीकडून भज्यांचा वास येत होता.

व्याह्यांवर रागावता येत नाही. काकूंनी मात्र एका वाक्यात हिशेब मिटवला, “हुंडा नको म्हणाले अन् ओढा घेऊन गेले.” हे सांगून सांगून आप्पा स्वतःच हसायचे. त्या दिवशी पुलावर त्यांनी सगळ्या गाड्या न्याहाळल्या, हाताने पुसल्या आणि स्कूटर वळवली. पुन्हा शोध सुरू झाला. या वेळी आम्ही तिघं होतो, कारण उदगीरचे व्याही लेकीची खुशाली सांगायच्या निमित्ताने दर महिन्याला यायला लागले. लेक लातूरला, हे उदगीरहून नांदेडला खुशाली सांगायला येत.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आप्पा गेले. दुपारी गादीवर लोडाला टेकून बसले होते, समोर एक बाई साडी निवडत होती. तिने दोनदा रंग विचारला आणि मग मला हाक मारली. औषधं एका भिंतीपलीकडे होती, पण त्यांची गरजच उरली नव्हती.

व्याही आले तेव्हा कुणाशी बोलले नाहीत. मोंढ्यातल्या माणसांनी त्यांना इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं.

हिवाळ्यात काकूंनी मला वर बोलावलं. म्हणाल्या, “एवढी वर्षं तुम्ही दोघं कुठं जात होता ते मी पाहिलंच न्हाई. एकदा न्या मला.”

व्याह्यांनी गाडी आणली. कुठे न्यावं याचा विचार करावा लागला नाही. उमरीच्या ओढ्यावरची गर्दी केव्हाच ओसरली होती. दोन सुट्ट्या मासे लागले नाहीत की लोक दुसरीकडे वळतात. वाट पुन्हा बाभळीने भरत आली होती. व्याही पुढे काठीने काटे सारत होते, मधे काकू, पदर नाकाला, मागे मी. काळ्या दगडावर काकूंनी चपला काढल्या आणि देवळात बसावं तशा बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “एवढंच हाय?”

“एवढंच, काकू.”

“अन् ह्याच्यासाठी दिवस दिवस?”

व्याही काही सांगायला निघाले होते. तेवढ्यात दगडाच्या कडेला पाण्यावर एक बारीक गोल उमटला आणि पसरत गेला. मग त्याच्या पुढे दुसरा. काकूंनी पदर खाली घेतला, पुढे वाकल्या आणि पाण्यावरची नजर न काढता माझं मनगट घट्ट धरलं.

“हालू नका,” त्या कुजबुजल्या. “आलाय बघा.”